पेटीवर नाव हापूसचं, आवाजावर कुणाचं?

मराठी डबिंग स्टुडिओंचे चालक, ऑडिओबुक कंपन्या आणि मालिकांचे निर्माते यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या चैत्रात रात्री दहाच्या सुमारास दिव्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, आंब्याचो धंदो कधी सुरू केलंस? माका सांगलंस पण नाय!" मी म्हटलं, आमच्या परड्यात एकच झाड, तेही रायवळ, आणि यंदा ते मोहरलंसुद्धा नाही. धंदा कसला? तेव्हा त्याने मोबाइलवर आलेली एक जाहिरात फोनला लावून ऐकवली. देवगडचा अस्सल हापूस, पेटी घरपोच, आजच मागवा, वगैरे. चाळीसेक सेकंदांची असेल. आवाज माझा होता.

मी ती जाहिरात केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ती पाठवली आणि मी ती परत परत ऐकली. खर्ज माझाच. वाक्य संपताना आवाज किंचित ओढायची खोड तीही माझीच, रेडिओवाल्यांनी दहा वर्षं खपूनही न गेलेली. पण 'चव' आणि 'चाखा' या दोन शब्दांत चोर सापडला. 'चव'मधला च आपण 'चाक', 'चूल' यांतल्यासारखा दातांशी उच्चारतो. जाहिरातीत तो 'चहा'मधला निघत होता. माझी जीभ असा च या शब्दात या जन्मी लावणार नाही. शिवाय चाळीस सेकंदांत माणसाने कुठेही श्वास घेतलेला नाही. पाण्याखाली बुडी मारून आंबे विकत असल्यासारखं वाटत होतं. बोलणारा माणूसच नव्हता, माझ्या आवाजाची नक्कल करणारं यंत्र होतं. ते माझा आवाज शिकलं कुठून?

मग आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वी मुंबईत तीन दिवस एका स्टुडिओत बसून मी वाक्यं वाचली होती. शिक्षणाच्या कामासाठी आहे असं सांगितलं होतं. आकडे, तारखा, स्टेशनांची नावं, एकच वाक्य आनंदाने, मग रागाने, मग दमल्यासारखं. मला तेव्हाही थोडं विचित्र वाटलं, कारण त्या वाक्यांना मागचं-पुढचं काही नव्हतं. पण पैसे त्याच संध्याकाळी मिळाले. करार इंग्रजीत, चौदा पानांचा, चहाच्या कपाशेजारी ठेवून सही घेतलेला. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. न वाचता केली हा माझा गाढवपणा.

त्या कंपनीचं नाव इथे घेत नाही. एकटीला झोडपून उपयोग नाही, कारण नंतर मी घरातली फाइल काढून जुने करार भाचीकडून वाचून घेतले, आणि तेच कलम आणखी चार ठिकाणी निघालं: आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचं. संपूर्ण विश्वात! आमचा आरवलीचा वेतोबा एवढा जागृत, पण तोसुद्धा राखण गावाच्या शिवेपर्यंतच करतो म्हणतात.

मी कोण, तेही सांगायला हवं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझा आवाज वापरलाय, म्हणून तर विशेष.

मी कुडाळ तालुक्यातला. वडील पोस्टमन, मीही पोस्टातच चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आवाजाचं काम त्याच्याही आधी सुरू झालं, दशावतारात. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि उन्हाळा सरेपर्यंत कंपन्यांचे पेटारे या देवळातून त्या देवळात फिरतात. पूर्वरंगात संकासूर येतो, काळा वेश, तोंड झाकलेलं. नेहमीचा संकासूर तापाने फणफणला म्हणून सोळाव्या वर्षी तो वेश माझ्या अंगावर चढला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि मग राजाने विचारायचं, राक्षसाने जागच्या जागी उत्तर द्यायचं. पखवाज, झांज आणि पायपेटी यांच्यावरून शब्द देवळाबाहेरच्या खाज्याच्या दुकानापर्यंत पोचला पाहिजे, तोही पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत टिकवून. मी कशीबशी दोन वाक्यं बोललो असेन, तेवढ्यात खांबाशी बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हो पोस्टमनाचो झील मां?"

तोंड झाकलेलं होतं. आवाजावरून तिने घर ओळखलं.

पुढे आकाशवाणी रत्नागिरीची स्वरचाचणी दिली. पहाटेची एसटी पकडून गेलो आणि पहिल्या खेपेला नापास होऊन आलो. मी देवळात बोलतो तसा बोललो होतो. काचेपलीकडच्या गृहस्थांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच निकाल कळला. तिथल्या एका बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, "माइक म्हणजे शेजारी बसलेला माणूस. त्याच्यावर ओरडू नका, त्याला सांगा." या एका वाक्यावर माझी पुढची चाळीस वर्षं गेली. दुसऱ्या खेपेला 'बी' श्रेणी मिळाली. 'बी हाय'ला पोचायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि 'ए'चं स्वप्न मी पेन्शनीबरोबर सोडून दिलं.

नभोनाट्यात काय काय करावं लागतं ते आता कुणाला सांगितलं तर गंमत वाटते. संहितेचे कागद सुटे ठेवायचे, टाचणी नाही. वाचून झालेलं पान कोपऱ्याला धरून अलगद खाली सोडायचं, कारण कागद चुरचुरला तर श्रोत्याला पाऊस लागल्याचा भास होतो. घोडा हवा असेल तर नारळाच्या करवंट्या, आग हवी असेल तर सेलोफेनचा कागद चुरगाळायचा. लांबून हाक मारायची तर आवाज मोठा करून चालत नाही, माइककडे पाठ करून मारायची. माणसं कमी पडली की त्याच भागात मी आधी आजोबा, मग रिक्षावाला, आणि शेवटी फोनवरचा डॉक्टर. आजोबांसाठी हनुवटी छातीला टेकवायची, डॉक्टरसाठी ताठ बसायचं. आवाज गळ्यातून निघतो असं लोकांना वाटतं. तो पाठीच्या कण्यातून निघतो.

आणि नाटक संपलं की निवेदिका नावं वाचायची. आमची आई नाटक अर्धंमुर्धं ऐकायची, मध्येच चुलीकडे जायची, पण शेवटची नावं ऐकल्याशिवाय रेडिओ बंद करू द्यायची नाही. आकाशवाणी मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांना आमच्या वाडीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. तरी प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर ही नावं दूरच्या नातेवाइकांसारखी तोंडात होती. बाळ कुडतरकरांनी काय केलं नाही? नभोनाट्यं, कामगारांचे कार्यक्रम, फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांचं निवेदन. एका गळ्यात किती माणसं मावतात ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत, ते गेले. त्यांचा फोटोही न पाहिलेली आमच्याकडची म्हातारी माणसं त्या दिवशी हळहळली. नाव वर्षानुवर्षं कानावर पडत राहिलं होतं म्हणून.

पडद्यावरच्या कामाचं फारसं सांगण्यासारखं नाही. २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीत एका मालिकेचं चित्रीकरण झालं आणि त्यानंतर आमच्याकडे कॅमेरे बऱ्यापैकी फिरू लागले. मी खोत झालो, भगत झालो, होडीवाला झालो, एकदा प्रेताचा भाऊ झालो. तक्रार एकच, आणि ती या पत्राचा विषय नसली तरी लिहून टाकतो: मुंबईहून येणाऱ्या नटाला मालवणी शिकवायचं काम आम्हाला देता, आणि तो प्रत्येक शब्दाला 'चो' लावून बोलला की "कट, छान" म्हणता. मच्छिंद्र कांबळींनी 'वस्त्रहरण'चे पाच हजारांवर प्रयोग करून ही बोली महाराष्ट्राच्या कानात बसवली. तिच्यात रडताही येतं, भांडताही येतं, कोर्टात साक्षही देता येते. तुम्हाला ती फक्त हसण्यासाठी हवी असते. असो.

डबिंगबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तुमचा-माझा व्यवहार तिथला.

परभाषेतला नट पडद्यावर बोलतो, त्याच्या ओठांवर मराठी बसवायची. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटतात. पडद्यावर त्याचे ओठ मिटले आणि माझ्या वाक्यात त्या जागी 'क' असला की प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. म्हणून कित्येकदा भाषांतर आम्ही माइकसमोर उभ्या उभ्या बदलतो. 'नाही' बसत नाही, 'मुळीच' बसतं. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि आम्ही मागतही नाही, कारण त्यात मजा असते. मग धावणं, आदळणं, पोटात सुरी घुसणं यांचे नुसते श्वास आणि हुंकार, तेही तासभर. शेवटी गर्दी. बाजारातली, मोर्चातली, लग्नातली. उरलेले पाचसहा जण काचेच्या खोलीत उभे राहून पाचशे माणसं होतो. एका चित्रपटात एका दिवसात मी सात माणसं झालो होतो आणि त्यातली दोन एकमेकांशी भांडत होती.

त्या चित्रपटाच्या शेवटी नावं आली. भाषांतरकार होता, ध्वनिमुद्रक होता, गाड्या पुरवणारा होता, जेवण पुरवणारा होता. त्याचं नाव असायलाच हवं, जेवण चांगलं होतं. आवाजांच्या जागी काही नव्हतं. शरद केळकरांनी हिंदी 'बाहुबली'त प्रभासला आवाज दिला हे आज पोरासोरांना माहीत आहे, आणि छान आहे. पण केळकरांचा चेहरा लोकांच्या आधीच ओळखीचा होता. त्याच खोलीत त्यांच्या मागेपुढे उभं राहून प्रधान, पहारेकरी आणि रडणारी आई झालेल्यांचं काय?

आजवर मी हे सोसलं, कारण मला वाटायचं की हा मानापमानाचा प्रश्न आहे आणि या वयात मान मागत फिरणं शोभत नाही. आंब्याच्या जाहिरातीनंतर भाचीने मला कॉपीराइट कायदा वाचून दाखवला (ती ओरोसच्या कोर्टात वकिली करते), आणि माझी समजूत चुकीची निघाली.

१९५७ चा हा कायदा. त्यात 'परफॉर्मर' म्हणजे कोण याची यादी आहे. नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण डोंबारी, हातचलाखी करणारा, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. आम्ही दोघंही हसलो. मग पुढे २०१२ च्या दुरुस्तीने जोडलेलं एक वाक्य आलं. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला, कामाची मोडतोड रोखण्याचा एक हक्क सोडला तर, परफॉर्मर धरायचं नाही. भाची म्हणाली, "मामा, तुझा काम किरकोळ नव्हता ह्या सिद्ध करूक नाव लागतला. आणि नाव तर खंयच नाय." गारुड्याला कायद्यात जागा आहे. माझी जागा मात्र तुम्ही नामावली छापायला बसता त्या दुपारी ठरते.

त्याच दुरुस्तीने ३८ ब हे कलम आलं. आपल्या कामाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर ती थांबवता यावी, असे दोन हक्क त्यात आहेत. पैसे घेऊन इतर हक्क दिले तरी हे कलावंताकडे राहतात. हक्कांची मुदत पन्नास वर्षं. म्हणजे मी गेल्यावरही माझ्या नातवाला विचारल्याशिवाय माझा च बिघडवता येऊ नये.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात त्यांच्या परवानगीशिवाय यंत्राने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. वाचून बरं वाटलं, आणि लगेच दुसरी बाजूही दिसली. अरिजित सिंग कोर्टात उभे राहिले तर हा आवाज कुणाचा, असा प्रश्न कुणी विचारणार नाही. मी उभा राहिलो तर पहिला प्रश्न तोच. पुरावा काय दाखवणार? चाळीस वर्षांत शेकडो पात्रं, आणि त्यांच्याखाली माझं नाव मोजून नऊ ठिकाणी, तीही बरीचशी रेडिओची. पुतण्या साक्ष देईल, पण पुतण्याला कोण विचारतो?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त जी गोष्ट बोचली ती वेगळीच आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, एवढ्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं. दुसरीकडचा आंबा पेटीत भरून वर 'देवगड हापूस' लिहिलं तर आमचे बागायतदार तक्रारी करतात, आणि बरोबर करतात. त्या जाहिरातीतला आंबा कुठला होता मला ठाऊक नाही, कदाचित खरा देवगडचाही असेल. पण "अस्सल, अस्सल" असं जो गळा सांगत होता तो नकली होता. आंब्याला गाव आहे, त्याची नोंद आहे, त्याच्यासाठी भांडणारी माणसं आहेत. ज्या आवाजात तो विकायचा, त्याला कुठलंच गाव नको?

आणखी एक. किनाऱ्यावर आवाजावर विश्वास ठेवायची सवय जुनी आहे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य मी मच्छीमार सोसायटीच्या स्पीकरवरून कितीदा वाचलं याची गणती नाही. एरवी माझी थट्टा करणारे लोकही ते ऐकून होड्या वर ओढतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं त्याच्या आदल्या दिवशी इथेही तेच वाचत बसलो होतो. आज माझ्या गळ्यातून कुणी आंबे विकले. उद्या कुणाच्या मोबाइलवर त्याच गळ्यातून 'वारा पडला, जा' असं आलं तर? मालवणच्या बंदरावर तेव्हा कुणी च तपासत बसणार नाही.

तुमच्याकडून फार मागत नाही. आवाज देणाऱ्याचं नाव पडद्यावर लिहा, ऑडिओबुकच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या खाली लिहा, गर्दीतल्या पाच जणांचीही लिहा. पाच नावांना पडद्यावर दोन सेकंद लागतात. करार मराठीत द्या, आणि सही घेण्याआधी एक रात्र घरी नेऊ द्या. कुठल्या कामासाठी आवाज घेताय ते त्यात स्पष्ट लिहा. एका पुस्तकासाठी घेतलेला आवाज त्याच पुस्तकाचा. यंत्राला शिकवण्यासाठी हवा असेल तर तसं तोंडावर सांगा, मुदत घाला आणि त्याचा दर वेगळा लावा. मी यंत्राच्या विरोधात नाही. करवंट्या वाजवून घोडे पळवलेल्या माणसाला नकलेचं वावडं कसं असेल? पण त्या करवंट्या कोण वाजवतोय हे स्टुडिओत सगळ्यांना माहीत असायचं.

तुमच्यापैकी एकाचा नवा करार परवाच ईमेलने आला आहे. एका कादंबरीचं वाचन, साधारण बारा तासांचं. सात-आठ बायका, एक पोपट आणि एक अर्धांगवायू झालेला खोत, सगळे मलाच करायचे आहेत. काम फार छान आहे आणि मला ते करायचं आहे. करार छापून घेतला, त्याच 'संपूर्ण विश्वात, कायमचं'वाल्या नवव्या कलमावर पेनाने रेघ मारली, खाली मराठीत तीन ओळी लिहिल्या आणि पहिल्या पानावर जिथे नुसतं 'कलाकार' छापलं होतं तिथे माझं पूर्ण नाव घातलं. भाचीने स्कॅन करून तुमच्याकडे पाठवलंय.

उत्तर गुरुवारपर्यंत द्यावं. शुक्रवारच्या कोकणकन्येचं तिकीट काढायचं की नाही ते त्यावर ठरेल. चतुर्थी तोंडावर आली आहे, जायचं तिकीट मिळेल, परतीचं आताच धरावं लागेल.

कळावे,

आपला
(नाव करारावर आहे)